‘समुद्री गाय’, ‘जलपरी’ की ड्युगाँग?

ड्युगाँग या समुद्री सस्तन प्राण्याला मराठीत ‘समुद्री गाय’ म्हणावे की ‘जलपरी’, आणि हा शब्द मुळात कुठला, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘समुद्री गाय’ चालवून घेता येईल, पण नाइलाजानेच. याच नावाखाली गोल शेपटीचा मॅनेटी हा त्याचा भाऊबंदही येतो आणि निसर्गशास्त्रज्ञ श्टेलरने १७४१ मध्ये बेरिंग समुद्रात पाहिलेला, १७६८ पर्यंत शिकाऱ्यांनी संपवलेला अवाढव्य प्राणीही. शिवाय नात्याने हे सारे गाईपेक्षा हत्तीला जवळचे. खरा संताप येतो तो ‘समुद्री गाय नावाचा मासा’ असे छापणाऱ्यांचा. ड्युगाँग सस्तन आहे, फुप्फुसांनी श्वास घेतो आणि म्हणूनच मासेमारीच्या जाळ्यात अडकून वर येता आले नाही की बुडून मरतो. तो ‘शेवाळ’ खातो हेही तसेच अडाणीपणाचे आहे, कारण त्याचे मुख्य अन्न म्हणजे मुळे, फुले आणि बिया असलेले सागरी गवत. ते तो मुळासकट उपटत जातो आणि त्याच्यामागे उथळ तळावर उघड्या वाळूचा नागमोडी पट्टा उरतो.

आता व्युत्पत्ती. मलय भाषेत या प्राण्याचे नाव ‘दुयुंग’. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँने १७६५ मध्ये ‘दुगाँ’ असे लिहिले आणि तेच शास्त्रीय नावात जाऊन बसले. मधला ‘ग’ फिलिपिन्समधील बोलीतून आला असे काही जण मानतात. पण रोमन लिपीत ‘य’ आणि ‘ग’ यांची अक्षरे दोन्ही ओळीखाली शेपूट सोडतात, त्यामुळे हा वाचनाचा घोटाळा असावा, असे माझे मत आहे. ‘दुयुंग म्हणजे समुद्राची स्त्री’ असे जे माहितीपुस्तकवाले एकमेकांचे पाहून उतरवतात, त्यांनी मलय शब्दकोश उघडण्याची तसदी घेतलेली दिसत नाही, कारण तो शब्द त्या प्राण्याचेच जुने नाव आहे. गंमत पुढेच आहे. इंडोनेशियात जलपरीला ‘पुत्री दुयुंग’ म्हणतात, आणि त्यातली ‘पुत्री’ म्हणजे आपलीच संस्कृत पुत्री, जी तिकडे जाऊन राजकन्या झाली. तेव्हा जलपरीचे नाव ड्युगाँगवरून पडले आहे. ते उलट फिरवून ड्युगाँगलाच चिकटवू नये.

कोकण किनाऱ्यावर या प्राण्याची वस्ती नाही, त्यामुळे आपल्याकडे घरचे नाव शोधत बसण्यात अर्थ नाही. ज्यांच्या समुद्रात तो आहे त्या तमिळ मच्छीमारांकडे मात्र ‘कडल पसु’ आणि ‘आवुळिया’ अशी दोन नावे आहेत. तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधल्या पाल्कच्या उपसागरात त्याच्यासाठी २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. मन्नारचे आखात, कच्छचे आखात आणि अंदमान-निकोबार येथेही तो आढळतो. मादी तेरा ते पंधरा महिने गाभण राहते, एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते आणि पुढच्या पिल्लापर्यंत तीन ते सात वर्षे जातात, त्यामुळे घटलेली संख्या भरून येणे फार संथ असते.

म्हणून बातमीत ‘ड्युगाँग’ असेच लिहावे, पुल्लिंगी चालवावे, आणि सरसकट ‘नामशेष’ म्हणू नये. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो जगाच्या पातळीवर ‘असुरक्षित’, पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनियात ‘संकटग्रस्त’, तर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.