हिवाळ्यातच शहराची हवा इतकी का बिघडते?

धूर तर बारा महिने निघतो, मग हिवाळ्यातच त्रास का? कारण थंड, निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा गारठते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. धूर खालीच कोंडतो. त्यात वारा पडला तर विचारूच नका. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवरचं धुरकं पाच दिवस हटलं नाही. हजारो माणसं दगावली.

मेक्सिको सिटीसारखं शहर डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात असेल, तर धुराला बाजूनेही वाट मिळत नाही. किनाऱ्यावर समुद्री वारे मदत करतात, पाऊस धूलिकण खाली आणतो. उन्हाळ्यात मात्र कडक उन्हात गाड्यांच्या धुरापासून जमिनीलगत ओझोन हा श्वासाला त्रासदायक वायू तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला त्याचीच जास्त काळजी वाटते.