नोट्स नागपुरातच ठेवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात दहा वर्षं पीएसएम (मेडिकलचा प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र हा विषय) शिकवलंत, आता सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधून सगळ्या शाखांच्या मुलांना पॉप्युलेशन हेल्थ, म्हणजे एकेका रुग्णाऐवजी सगळ्या समाजाचं आरोग्य, शिकवायला बोलावणं आलंय, तर तयारी काय करू आणि कुठल्या नोट्स आणू?

नोट्स आणूच नका. मीही मेडिकल कॉलेजातून याच शहरात याच कामाला आलो. पेनड्राइव्ह भरून आणलेल्या पीपीटी पहिल्या वर्षीच बाद झाल्या.

या विद्यापीठाने 2016 मध्ये 25 वर्षांचा पॉप्युलेशन हेल्थ कार्यक्रम जाहीर केला. माणसाचं आरोग्य, पर्यावरण आणि सामाजिक-आर्थिक समता हे त्याचे तीन खांब. गेट्स फाउंडेशनने इमारतीसाठी 21 कोटी डॉलर दिले; तिला हान्स रोसलिंग या स्वीडिश डॉक्टर-संख्याशास्त्रज्ञाचं नाव आहे. देखणी आहे, पण कस लागतो तो वर्गात. समोर सिव्हिलवाला, लॉवाली, सोशल वर्क आणि आर्किटेक्चरची मुलं. मी पहिल्याच तासाला लेव्हल्स ऑफ प्रिव्हेन्शनचा, म्हणजे रोग रोखण्याच्या पायऱ्यांचा, तक्ता लावला आणि पन्नास मिनिटं बोललो. टर्मअखेरीच्या फीडबॅकमध्ये एकाने लिहिलं, ‘सरांना सगळं येतं, म्हणून ते आम्हाला काही विचारत नाहीत.’ झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच.

मग रीत बदलली. 28 जून 2021 ला इथे पारा 42 अंशांवर गेला होता. तुम्ही हसाल, नागपुरात मे महिन्यात 42 म्हणजे कूलरमध्ये पाणी भरून कामाला लागायचं. इथे त्या लाटेत राज्यभरात शंभरएक माणसं गेली. का, एवढंच फळ्यावर लिहिलं आणि गप्प बसलो. आर्किटेक्चरची मुलगी म्हणाली, इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलीत आणि जुन्या खिडक्या रंगाने चिकटून बसल्यात. लॉवालीने विचारलं, घरमालकाने खिडकीत एसी लावू दिला नाही तर भाडेकरूने काय करायचं? सोशल वर्कचा मुलगा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांवर आला. हीट स्ट्रोकची व्याख्या मी सांगितली ती शेवटच्या पाच मिनिटांत.

आणायचंच तर जामखेड आणा. आरोळे या डॉक्टर दांपत्याने तिथे 1970 पासून जे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, त्यात शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका गावाचं आरोग्य सांभाळायला लागल्या. पाणी, शेती, जात, बचत सगळं त्यात येतं, आणि प्रत्येक शाखेच्या मुलाला त्यात आपला विषय सापडतो.

एक कटकट आहे: ग्रुप प्रोजेक्टचे मार्क. इंजिनिअरिंगच्या मुलांना निबंधाचा धसका, सोशल सायन्सवाल्यांना आकड्यांचा. कशाला किती मार्क, हे पहिल्याच आठवड्यात लेखी द्या. क्वार्टर दहाच आठवड्यांचा असतो, भांडायलाही वेळ उरत नाही.

व्हिसाचं बघा. जे-1 या एक्स्चेंज व्हिसावर टेन्युअर ट्रॅकची, म्हणजे पुढे कायम होऊ शकणारी, जागा घेता येत नाही, पण जोडीदाराला परवानगी काढून नोकरी करता येते. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर जोडीदार सुरुवातीला घरीच. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-1बी अर्जावर 1 लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला. तो तुमच्या अर्जाला लागतो का आणि लागला तर कोण भरणार, हे विभागाकडून ईमेलवर लिहून घ्या, फोनवरच्या ‘होऊन जाईल’वर जाऊ नका.

आणि ऑफर लेटरमधली पगाराची ओळ पुन्हा वाचा. आकडा बारा महिन्यांचा आहे की नऊ? मी तो बारांचा धरून घरभाडं ठरवलं होतं.