वडिलांच्या नावावरची पिकअप ‘आहे त्या स्थितीत’ विकताना

प्रश्न : वडिलांच्या नावावर १९६८ साली पासिंग झालेली महिंद्राची एफसी १५० पिकअप आहे. मूळ पेट्रोल इंजिन काढून त्यांनी पुढे डिझेल बसवलं, पण आरसी बुकात त्याची नोंद नाही. गाडी पंधरा वर्षं गोठ्याशेजारी बंद पडून आहे. वडील तीन वर्षांपूर्वी वारले. घरी आई, मी आणि लग्न झालेली बहीण. पुण्याचे एक हौशी गृहस्थ स्वतः दुरुस्त करण्यासाठी गाडी मागतात. १०,००० रुपये इसारही दिलाय. ‘आहे त्या स्थितीत विकली’ असं लिहून कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्या, तर मी मोकळा होईन का? – एक वाचक, कोरेगाव

उत्तर : होणार नाही. आणि कोऱ्या फॉर्मवर सही तर अजिबात करू नका.

मुळात ही गाडी आज एकट्या तुमची नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू असेल, तर आई, तुम्ही आणि बहीण यांचा सारखा हिस्सा आहे. वडील गेले तेव्हा आजी हयात असतील तर त्यांचाही. लग्न झालं म्हणून बहिणीचा हक्क जात नाही. भंगार म्हणून जिच्याकडे घरात कुणी बघत नव्हतं, त्या गाडीला हौशी माणूस चांगली किंमत देतो आणि मग भावंडांचं बोलणं बंद होतं. तसं तुमच्या घरी होऊ नये. बहिणीला आजच फोन करा, किंमत सांगा.

सगळ्यांची संमती प्रतिज्ञापत्रावर घेऊन आधी फॉर्म ३१ ने आरसी तुमच्या नावावर करा. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत हा अर्ज करायचा असतो. तुम्हाला उशीर झालाय, त्याचा दंड भरा. विक्रीनंतर गाडी खरेदीदाराच्या नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० त्यानंतर. ‘वडिलांचीच सही करून टाका’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, ती बनावट सही ठरते.

आता ‘आहे त्या स्थितीत’. गंजलेला पत्रा, नसलेले ब्रेक, हरवलेले पार्ट यांबाबत हे शब्द तुम्हाला बरंच संरक्षण देतात, कारण वस्तुविक्री कायदा, १९३० करारानं अशी सूट घेऊ देतो. पण माहीत असलेली गोष्ट तुम्ही दडवलीत, तर करार कायद्याच्या कलम १७ खाली ती फसवणूक ठरू शकते आणि खरेदीदार व्यवहार रद्द करून पैसे परत मागू शकतो. तुमच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे इंजिन. हे गृहस्थ बहुधा व्हिंटेज नंबरची, म्हणजे जुन्या गाड्यांच्या खास नोंदणीची, आशा धरून असतील. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली हवीत, वापर खासगी हवा, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. २०,००० रुपये फी भरून मिळणारी ही नोंदणी दहा वर्षं चालते. तुमच्या पिकअपचं इंजिन बदललंय, शिवाय आरसीवर ती मालवाहू असेल तर आणखी अडचण. म्हणून ‘व्हिंटेजमध्ये होईल’ असं तोंडीही बोलू नका. करारात आरसीवरचा आणि प्रत्यक्ष बसवलेल्या इंजिनचा, असे दोन्ही नंबर लिहा. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) जोडा, चारही बाजूंचे फोटो लावा.

थकलेला कर किती, नोंदणीची मुदत संपली असताना नाव बदलून मिळेल का, हे भाव पक्का करण्याआधी आरटीओकडून लेखी घ्या.

कागद नंतर करू म्हणून गाडी देऊ नका. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की गाडी कितीही हात फिरली तरी अपघाताची भरपाई नोंदणीवरच्या मालकाकडून वसूल होते. विक्री झाल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवा आणि पोच जपून ठेवा. उलट, कटकट नको म्हणून आरसी रद्दही करू नका. मग ही पिकअप परत रस्त्यावर आणणं त्यांना जवळपास अशक्य होईल आणि तुमचाही भाव कोसळेल.

इसाराची पावती लगेच द्या. नाव बदलून झाल्यावरच ताबा देणार, आणि वारसांपैकी कुणी नकार दिला तर इसार परत, असं तिच्यावर लिहा.

गाडी न्यायला येतील तेव्हा टोचन करून नेऊ देऊ नका. विमा नाही, ब्रेक नाहीत. ट्रेलरवर चढवूनच न्यायची, तेही करारात घाला.