लेड झेपेलिन मोठा की पिंक फ्लॉइड? माझं मत झेपेलिनला

तुम्ही विचारलंय की हॉस्टेलमध्ये दोन गट पडलेत, एक लेड झेपेलिनवाला आणि एक पिंक फ्लॉइडवाला, तर दोघांत खरा मोठा बँड कोणता, कारणासहित सांगा. माझं उत्तर लेड झेपेलिन. कारणं सांगतो, आणि झेपेलिनवर माझा जो राग आहे तोही सांगतो, कारण तो लपवून केलेली वकिली खोटी ठरेल.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात राहतो. कापूस, तूर, मागून हरभरा. गावच्या भजन मंडळात खंजेरी वाजवतो. हे दोन्ही इंग्लंडचे रॉक बँड मी ऐकले ते जागलीवर. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही रातोरात वावर साफ करतात, त्यामुळे रात्र वावरातच काढावी लागते, आणि सोबतीला मोबाइल. धुऱ्याच्या पलीकडे माझा दोस्त त्याच्या वावरात जागलीला असतो. तो कट्टर फ्लॉइडवाला. शेकोटी एकच, म्हणून वादही रोजचा. त्याचं ठरलेलं वाक्य आहे: "तुह्या झेपेलिननं आंगात येते, पन मानूस इचार नाही करत. फ्लॉइड इचार कराले लावते."

त्याची बाजू कच्ची नाही, म्हणून आधी तीच मांडतो. फ्लॉइडचं इंग्रजी आमच्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्याला कळतं. शब्द साधे, उच्चार स्वच्छ, विषय पैसा, वेळ, मरण, डोकं फिरणं. झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट काय गातो ते मला आजही शब्द उघडून वाचल्याशिवाय पुष्कळदा कळत नाही. आणि 'डार्क साइड ऑफ द मून' तर काय बोलावं! मार्च १९७३ मध्ये आलेला हा अल्बम १९८८ पर्यंत अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत मिळून ७४१ आठवडे होता. त्यातल्या 'मनी' गाण्याच्या सुरुवातीला नाणी खुळखुळतात, कागद फाटतो, गल्ल्याची मशीन वाजते. हे आवाज टेपवर घेऊन, टेपचे तुकडे मोजून कापून, एकाला एक जोडून त्याचं वेटोळं फिरवलेलं आहे, आणि त्यातूनच सात मात्रांचा ठेका उभा राहतो. गिटारचा मोठा तुकडा आला की गाणं सातावरून चारावर येतं आणि शेवटच्या कडव्याला परत सातावर जातं. ज्याने आयुष्यात कधी हाताने ठेका धरलाय त्याने हे एकदा मोजून पाहावं. 'टाइम'च्या सुरुवातीची घड्याळं अॅलन पार्सन्स या इंजिनिअरने घड्याळाच्या दुकानात जाऊन एकेक वेगळी रेकॉर्ड केलेली. माझा दोस्त डोळा लागायला लागला की हेच गाणं लावतो. मध्यरात्री उघड्या वावरात ती सगळी घड्याळं एकदम वाजली की डुकरंसुद्धा थबकत असतील.

एवढं असूनही मी झेपेलिन म्हणतो. का, ते ऐका.

बँड म्हणजे चार जण. गिटारवर जिमी पेज, गायला रॉबर्ट प्लांट, बास गिटार आणि कीबोर्डवर जॉन पॉल जोन्स, ड्रमवर जॉन बॉनम. १९६८ मध्ये लंडनला हे चौघं जमले आणि शेवटपर्यंत हेच चौघं राहिले. नोव्हेंबर १९७१ मध्ये त्यांचा चौथा अल्बम आला, त्याच्या वेष्टनावर बँडचं नावसुद्धा नव्हतं. आत फक्त चार चिन्हं, ज्याने त्याने स्वतःसाठी निवडलेली. २५ सप्टेंबर १९८० ला बॉनम वारला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाकीच्या तिघांनी सांगून टाकलं की आता हे पुढे चालवणं शक्य नाही. त्या घडीला त्यांना मागेल तो ड्रमवाला मिळाला असता. त्यांनी घेतला नाही. पुढे २००७ मध्ये लंडनला एका रात्रीसाठी पूर्ण कार्यक्रम केला, तोही बॉनमच्याच मुलाला ड्रमवर बसवून.

फ्लॉइडचं काय झालं पाहा. सिड बॅरेटने हा बँड उभा केला, पहिल्या अल्बमची बहुतेक गाणी त्याची. त्याची मनःस्थिती ढासळली आणि १९६८ मध्ये तो बाहेर पडला. त्याच्या जागी गिटारवाला डेव्हिड गिल्मर आला, आणि त्यानंतरची काही वर्षं खरंच सोन्याची होती, हे मी मानतो. पण पुढे बास गिटारवाल्या रॉजर वॉटर्सचा हात वर होत गेला. 'द वॉल' होत असताना त्याने रिचर्ड राइटला, म्हणजे पहिल्या दिवसापासून सोबत असलेल्या कीबोर्डवाल्याला, बँडमधून काढायला लावलं. मग त्याच अल्बमच्या कार्यक्रमांत राइट पगारावर वाजवत होता. आपल्याकडे वावर ज्याच्या नावावर होतं तोच त्या वावरात सालदार म्हणून राबतो, तसं. ते कार्यक्रम इतके खर्चिक होते की मालक म्हणून उरलेल्या तिघांना तोटा सोसावा लागला आणि पगारी राइटच्याच हातात पैसे पडले. १९८५ मध्ये वॉटर्स स्वतः निघाला, नावावरून कोर्टकचेरी झाली. सगळ्या अल्बमांवर असलेला माणूस एकच, ड्रमवाला निक मेसन.

दोस्त म्हणतो, मोडून मोडून टिकला हेच फ्लॉइडचं मोठेपण. मला हे पटत नाही. वॉटर्स गेल्यानंतरचे अल्बम ऐका. गिल्मरची गिटार तीच आहे, गोडवा तोच आहे, पण १९७१ ते १९७५ मध्ये चौघांची जी वीण होती ती उसवलेली ऐकू येते. आणि ही उसवण त्यांना स्वतःलाही ठाऊक होती. 'विश यू वेअर हिअर' अल्बम निम्मा सिड बॅरेटच्या आठवणीतला आहे. १९७५ च्या जूनमध्ये त्याचं काम चालू असताना सिड स्वतः स्टुडिओत आला, अंगाने सुटलेला, डोकं आणि भुवया भादरलेल्या, आणि ज्यांच्यासोबत त्याने बँड काढला त्यांनाच तो आधी ओळखू आला नाही. हे वाचल्यापासून तो अल्बम मी सलग ऐकू शकलेलो नाही, मध्ये थांबावं लागतं. म्हणजे फ्लॉइडकडे काळीज नाही असं माझं म्हणणं अजिबात नाही.

दुसरं कारण बॉनम. इथे मी खंजेरीवाला म्हणून बोलतो. चौथ्या अल्बमच्या शेवटी 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' आहे. इंग्लंडमध्ये हेडली ग्रेंज नावाची एक जुनी इमारत आहे, कधीकाळी गरीब-निराधारांना ठेवायला बांधलेली. तिथल्या उंच जिन्याखाली बॉनमचे ड्रम मांडले आणि माइक जवळ न ठेवता वर जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडले. तो आवाज बिनसन नावाच्या इटालियन इको मशीनमधून घेतला. (हीच मशीन फ्लॉइडचीही लाडकी, हे दोन्ही गटांना सांगा.) त्यामुळे त्या गाण्यात ड्रमसोबत भिंती, छत, जिन्यातली पोकळी असं सगळंच वाजतं.

मोबाइलवर हे मला कळलंच नव्हतं. आमच्याकडे दुर्गोत्सवात देवी बसायच्या आदल्या दिवशी मंडपाचे साउंड बॉक्स लावून पाहतात. तेव्हा मी साउंडवाल्या पोराला हे गाणं लावायला सांगितलं. पहिल्या ठोक्याला मंडपाचं कापड हललं. बाजूला आमच्या भजन मंडळातले सर्वात म्हातारे काका सतरंजी झटकत होते, ते हातातली सतरंजी तशीच धरून उभे राहिले. गाणं अर्धं झाल्यावर म्हणाले, "हा मानूस ढोल नाही वाजवून रायला, पोट्टेहो. हा घर वाजवून रायला." काकांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, हेडली ग्रेंज माहीत असण्याचा प्रश्नच नाही. दोन्ही बँडांवरचं यापेक्षा खरं बोलणं मी कुठे ऐकलेलं नाही.

आणि 'कश्मीर' घ्या, १९७५ चं. गिटार तीन-तीन मात्रांनी फिरते, बॉनम खाली सरळ चार मोजत राहतो. बारा मात्रांनी दोघं समेवर भेटतात आणि परत सुटतात. बॉनमने तिथे एक जास्तीचा ठोका मारला असता तर सगळी मजा गेली असती. तो मारत नाही. एवढा दांडगा वाजवणारा माणूस, जो कार्यक्रमात काड्या टाकून नुसत्या हातांनी ड्रम बडवायचा, तो इथे आठ मिनिटं स्वतःला आवरून धरतो. निक मेसन फ्लॉइडसाठी अगदी योग्य आहे, जागा सोडून वाजवतो, पण त्याच्या जागी दुसरा असता तरी ती गाणी उभी राहिली असती, असं मला वाटतं. झेपेलिनचं बॉनमवाचून काहीच उभं राहत नाही.

आता रागाची गोष्ट, आणि ती आमच्या पिकाशी बांधलेली आहे. हे सगळं संगीत ज्या ब्लूजमधून निघालं तो ब्लूज अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टाच्या कापसाच्या वावरांतून आला. कापूस वेचणारे, बटईने शेती करणारे, सावकाराच्या वहीत अडकलेले काळे लोक. मडी वॉटर्ससारखा गायक आधी तिथल्या कापसाच्या मळ्यात राबलेला. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीचे बांध फुटले, लाखो लोक उघड्यावर आले, आणि १९२९ मध्ये मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅककॉय या जोडप्याने त्यावर गाणं रेकॉर्ड केलं. झेपेलिनचं 'लेव्ही' म्हणजे तेच गाणं. तिथे त्यांनी मिनीचं नाव दिलं. पण 'होल लॉटा लव्ह'मध्ये ब्लूजची गाणी लिहिणाऱ्या विली डिक्सनचे शब्द घेतले आणि नाव दिलं नाही. डिक्सनचं ते मूळ गाणं मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायलेलं होतं. डिक्सनला १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं, १९८७ मध्ये तडजोड झाली, मग नाव लागलं. कष्ट एकाचे आणि भाव दुसऱ्याला, हे कापूस पिकवणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. झेपेलिनचं हे मला कधीही माफ करता येणार नाही.

दोस्त इथेच मला पकडतो, की मग फ्लॉइडच मोठा. पण त्यांची पाटी तरी कुठे कोरी आहे? पिंक फ्लॉइड हे नावच पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूज गायकांच्या नावांतून सिड बॅरेटने जोडलेलं. आणि 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये जी बाई शब्दाविना आक्रोश करते, ती क्लेअर टोरी. तिला त्या दिवसाचे ३० पौंड मिळाले. गाण्याच्या रचनेत वाटा मिळायला २००५ उजाडलं, तेही दावा लावल्यावर. झेपेलिनचं देणं जास्त आहे, हे मी मान्य करतो. पण देणं बुडवलं म्हणून त्यांचं वाजवणं लहान होत नाही, आणि वाजवणं मोठं म्हणून देणं फिटत नाही. दोन्ही सांगावं लागतं. मी कोणालाही 'लेव्ही' ऐकवायच्या आधी मेम्फिस मिनीचं ऐकवतो, आणि 'होल लॉटा लव्ह'च्या आधी मडी वॉटर्सचं.

तुमच्या हॉस्टेलात खरी बरोबरीची कुस्ती लावायची असेल तर गाणी सुटी सुटी लावू नका. १९७१ मध्ये थोड्या दिवसांच्या अंतराने झेपेलिनचा चौथा अल्बम आणि फ्लॉइडचा 'मेडल' आले. 'मेडल'ची एक अख्खी बाजू म्हणजे 'इकोज', २३ मिनिटांचं एकच गाणं, चौघांचं मिळून. फ्लॉइडने याहून चांगलं काही केलेलं नाही असं मला वाटतं, 'डार्क साइड' धरून. आधी 'इकोज' पूर्ण, कोणी मध्ये बोलायचं नाही. मग 'लेव्ही'. आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको. कोणाकडे तरी मोठे बॉक्स असतील, ते आणा. नाहीतर चांगले इअरफोन. बॉनमचा पायाचा ठोका मोबाइलमध्ये येतच नाही, आणि तो न ऐकता फ्लॉइडवाल्यांनी निकाल दिला तर तो मी मानणार नाही.