दशांश, उधारी आणि गरीब फंड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पगार 32,000, हातात 28,000 येतात. क्रेडिट कार्डाचे 40,000 थकलेत, गावी आईच्या औषधांना पैसे पाठवावे लागतात. मंडळीत (चर्चमध्ये) सांगतात, दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग पूर्ण पगारावर द्यायचा आणि सगळ्यात आधी. नाहीतर आशीर्वाद थांबतो. म्हणून आधी दशांश देतो आणि किराणा कार्डावर भरतो. काय करावं?

उत्तर : हे आधी थांबवा, कारण तुमचा दशांश कर्जातून जातोय. बायबलच्या अनुवाद या पुस्तकातल्या 14व्या अध्यायातला दशांश शेतात आलेल्या पिकाचा आहे; न पिकलेल्याचा दहावा भाग कोणी मागितलेला नाही. प्रेषित पौलही 2 करिंथ या पत्रात (8:12) हेच सांगतो : जवळ असेल त्याप्रमाणे, नसेल त्याप्रमाणे नव्हे. पूर्ण पगार की हातातला, हे शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही. आमच्या मते हातातला धरा; पीएफ मिळेल तेव्हा त्याचं पाहता येईल.

कार्डावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के धरले तरी 40,000 वर बाराशे ते चौदाशे रुपये व्याजातच जातात. दशांशाचे होतात 2,800. त्यातले 500 पगाराच्या दिवशीच अर्पणाला काढा आणि 2,300 कार्डात भरा. 'किमान रक्कम' एवढंच भरत राहिलात तर मुद्दल फारसं हलत नाही. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, म्हणून किराणा रोखीनेच. कार्ड फिटलं की दर तीन महिन्यांनी अर्पण पाचशेने वाढवा.

आईचे पैसे यातून कापू नका. देवाला वाहिलं म्हणून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना येशूने मार्क 7 मध्ये खडसावलंय.

आणि 'सगळा दशांश भांडारात आणा' हे मलाखी 3:10 ऐकवून कोणी घाबरवलं तर अनुवाद 14:28-29 उघडून दाखवा. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, लेवी (स्वतःची जमीन नसलेले देवाचे सेवक), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. दशांश मागणाऱ्या मंडळीने आपला गरिबांवरचा खर्चही दाखवायला हवा.

प्रश्न : मी खजिनदार आहे. गरीब फंड नाताळात वाटतो, तरी कुरबुर होतेच.

उत्तर : नाताळात साड्या-ब्लँकेटं मिळतात, पण मजुराच्या घरी चणचण जूनमध्ये असते. शाळेची फी, वह्या, पावसाने बुडालेली मजुरी, सगळं एकदम येतं. निम्मा फंड जून ते ऑगस्टसाठी राखून ठेवा. फी थेट शाळेत भरून पावती घ्या, औषधांचे पैसे दुकानदाराला द्या.

पैसे एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावेत आणि तिथेच सह्या कराव्यात. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम नेताना कोणी दोष लावू नये म्हणून पौलानेही सोबत माणसं घेतली होती (2 करिंथ 8:20). मंडळीसमोर एकूण जमा आणि खर्च वाचा, घेणाऱ्यांची नावं कधीच नाही. वेदीपुढे उभं करून पाकीट दिलं की खरा गरजू पुढच्या वर्षी येतच नाही. उसने दिलेत तर व्याज घेऊ नका; लेवीय 25:36-37 मध्ये त्याला साफ मनाई आहे.

प्रश्न : गरिबी म्हणजे विश्वास कमी, असं एका सभेत ऐकलं. खरं का?

उत्तर : नाही. प्रकटीकरण 2:9 मध्ये स्मुर्णा शहरातली मंडळी दरिद्री आहे, तरी प्रभू तिला धनवान म्हणतो आणि तिच्यावर एकही ठपका ठेवत नाही.