इलेक्ट्रिक कारला ईव्हीचेच स्पेशल टायर लागतात का? साधे टाकले तर रेंज खरंच कमी होते?

रेंज कमी होऊ शकते, पण टायरवर 'ईव्ही' छापलेलंच पाहिजे असं काही नाही, रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) कमी आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) बरोबर असला की झालं. टायर फिरताना रबर दबतं, परत मूळ आकारात येतं, त्यात एनर्जी उष्णता होऊन जाते. पेट्रोल गाडीत इंजिनच एवढं वाया घालवतं की हे कळत नाही, ईव्हीत मात्र थेट रेंजच्या आकड्यात दिसतं. घेताना एवढं बघा:

- रोलिंग रेझिस्टन्ससाठी बीईईचं (सरकारी ऊर्जा बचत संस्था) स्टार लेबल, किंवा युरोपियन लेबल असेल तर त्यावरची इंधन बचतीची 'ए' ते 'ई' ग्रेड ('ए' सगळ्यात चांगली)
- साइझनंतरचा आकडा, म्हणजे लोड इंडेक्स. 215/60 आर 16 पुढे 95 असेल तर एक टायर 690 किलो पेलतो. बॅटरीमुळे गाडी जड असते, त्यामुळे कंपनीने दिलाय त्याच्या खाली जाऊ नका, दुकानदार कितीही 'चालतंय ओ' म्हणाला तरी

फक्त रेंजच्या नादात वेट ग्रिपची (ओल्या रस्त्यावरच्या पकडीची) ग्रेड विसरू नका, पावसात घाट उतरताना तीच कामाला येते. आणि नवे टायर टाकल्यावर रेंज थोडी पडली तर घाबरू नका, झिजलेल्या टायरचा रेझिस्टन्स तसाही कमीच असतो.