हवेत नायट्रोजन सर्वांत जास्त, मग विषुववृत्तावर आयन ऑक्सिजनचे कसे?

३००-४०० किमी उंचीवर, विषुववृत्तावरच्या आयनांबरात (हवेचा तो वरचा भाग, जिथे अणू-रेणू इलेक्ट्रॉन गमावून प्रभारित होतात, म्हणजे आयन बनतात) नायट्रोजनचे आयन जवळजवळ का नसतात, असं तुम्ही विचारलंय. शिकताना मीही इथेच अडखळले होते, कारण कोणते आयन तयार होतात एवढंच पाहत होते. पाहायचं असतं ते कोणता आयन किती टिकतो हे.

नायट्रोजनच्या रेणूचा आयन सूर्याच्या अतिनील किरणांनी भरपूर बनतो. पण ऑक्सिजनचा अणू भेटला, की त्याचा नायट्रिक ऑक्साइडचा आयन होऊन जातो. शिवाय रेणूच्या आयनाने इलेक्ट्रॉन पकडला, की सुटलेल्या ऊर्जेने रेणूच फुटतो आणि काम झटपट उरकतं. एकट्या अणूजवळ फुटण्यासारखं काही नाही! त्याला ती ऊर्जा प्रकाश म्हणून टाकावी लागते, आणि तसं क्वचितच घडतं. म्हणून ऑक्सिजन अणूचा आयन संपतो तो मुख्यतः एखाद्या रेणूशी प्रक्रिया होऊन. जसजसं वर जावं तसे जड रेणू विरळ होतात आणि हा आयन तग धरतो. खाली १००-१५० किमीवर मात्र नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन रेणूंच्या आयनांचं राज्य. जोडीला उल्कांमधून आलेले लोह-मॅग्नेशियमचे थोडे आयन.

आणखी वर हायड्रोजनचा आयन वरचढ ठरतो. दोन्ही अणूंची आयनीकरण ऊर्जा जवळपास सारखी, त्यामुळे प्रभार सहज इकडचा तिकडे होतो. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या आयनांमधली ही सीमा स्थिर नसते: २००८च्या सुमारास सूर्य फार शांत होता, तेव्हा रात्री ती ५०० किमीच्याही खाली उतरली होती.

आता खास विषुववृत्ताची गोष्ट, म्हणजे चुंबकीय विषुववृत्ताची. तिथे चुंबकीय रेषा आडव्या असतात. दिवसा पूर्वेकडे रोखलेलं विद्युत क्षेत्र प्लाझ्माला (आयन आणि इलेक्ट्रॉनच्या मिश्रणाला) वर उचलतं, मग तो त्या रेषांवरून दोन्ही बाजूंना घसरतो आणि साधारण १५ अंशांवर साचतो. त्यामुळे मधल्या पट्ट्यात आयन बाजूंपेक्षा कमी भरतात.

मला सर्वांत आवडतो तो सूर्यास्तानंतरचा प्रकार. प्लाझ्माचा हा थर आणखी वर ढकलला जातो, त्याचा तळ अस्थिर होतो आणि विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात. जीपीएसचे संकेत थरथरतात ते यांच्यामुळेच. उपग्रहांना काही बुडबुड्यांत नायट्रिक ऑक्साइडचे आयन सापडलेत, म्हणजे खालचा माल थेट ऑक्सिजनच्या मुलखात पोचलेला.